उजवा पाच, डावा सात

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी माझ्या टाचा दाबून बघितल्या आणि म्हणाले, "मॅडम, चप्पल बंद करा. जाड तळाचे, लेसचे मऊ बूट घाला. साडीवर घातले तरी काही बिघडत नाही."

सतरा वर्षं फळ्यासमोर उभं राहून टाचांची ही गत झाली आहे. त्यातलं शिकवणं किती आणि याद्या, माहित्या, मतदार नोंदणीसाठी दारोदार फिरणं किती, हे मी आता बघत नाही. संध्याकाळी घरी आलं की पाय बादलीत सोडून बसते आणि कुणी काही विचारू नये एवढंच वाटतं. पण डॉक्टर "साडीवर बूट" म्हणाले आणि मला बाई आठवल्या. बाईंना जाऊन आता दोन वर्षं होतील.

बाई आमच्या शाळेत गणित शिकवायच्या. मी मराठीला लागले त्या पहिल्याच दिवशी क्लार्कनं मला शिक्षकखोलीतल्या तिसऱ्या लोखंडी कपाटाची किल्ली दिली. म्हणाला, "नकाशे असतील त्यात, ते काढून तुमच्या वह्या ठेवा." मी कपाट उघडलं तर नकाशे नव्हते. अंगावर बूटच कोसळले. सगळे पांढरे, कापडी नाहीतर कातड्यासारख्या कशाचे तरी, रबरी तळाचे, बिनवापराचे. वीसेक तरी असतील. मी घाबरून खाली बसले आणि जोड लावायला लागले. एकाचा एकाला मेळ बसेना.

मागून आवाज आला, "जोड लावू नकोस. लागत नाहीत ते."

वळून बघितलं तर उंच, किडकिडीत बाई. इरकली साडी, केसांचा घट्ट अंबाडा, हातात खडूची पेटी. साडीच्या काठाखाली पांढरेशुभ्र, लेस बांधलेले पळायचे बूट. मला वाटलं, खेळाच्या शिक्षिका असाव्यात. मग त्या चालत कपाटापाशी आल्या आणि मला कळलं. डावा पाय आखूड होता आणि काठीसारखा वाळलेला. पोलिओ. उजवा टप् करून पडायचा आणि डावा मागून सर्र करत यायचा. पुढं सतरा वर्षांतली पहिली आठ मी तो आवाज ऐकला. वर्गातली पोरं तो दोन जिने आधी ऐकायची.

त्या दिवशी त्यांनी मला फळ्यावर दोन चौकोन काढून समजावलं होतं. नव्या माणसाला त्या असंच समजावायच्या, म्हणजे पुन्हा कुणी विचारत नाही.

"डावा पाय पाच नंबर. उजवा सात. दुकानात जोड मिळतो, एकेक बूट मिळत नाही. मग काय करायचं?"

"दोन जोड घ्यायचे," मी म्हणाले.

"बरोबर. पाचाचा एक, साताचा एक. पाचातला डावा काढला, सातातला उजवा काढला. उरलं काय?"

"उजवा पाच आणि डावा सात."

"तो जोड आहे का?"

मी फळ्यावरच्या चौकोनांकडं बघितलं.

"ते कपाटात आहे," बाई म्हणाल्या आणि तासाला निघून गेल्या.

दर जूनला, शाळा उघडायच्या आधी, त्या दोन जोड घ्यायच्या. वर्षभर एक मिश्र जोड वापरायच्या आणि दुसरा कपाटात जायचा. टाकत का नाही, असं एकदा विचारलं तर म्हणाल्या, "टाकू कसे? नवे आहेत की."

बाई तेलुगू विणकरांच्या घरातल्या. शहराच्या पूर्व भागात भावाच्या घरात त्यांच्या दोन खोल्या होत्या. मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ बोलायच्या, पण मोजायची वेळ आली की तेलुगूत जायच्या. पेपरांचा गठ्ठा मोजताना ओठ हलायचे, "ओकटी, रेंडू, मूडू." आकडे चुकू नयेत म्हणून ते आईच्या भाषेतच मोजायचे, असं त्यांचं म्हणणं.

माणसाकडं बघायची त्यांची पद्धत खालून वर होती. आधी पाय, मग चेहरा. पालकसभेला आलेल्या माणसाचे बूट बघून म्हणायच्या, "हे उभ्यानं काम करतात. टाच आतून झिजलीय." बहुतेक वेळा ते खरं निघायचं. एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर असायचे ते. नववी-दहावीतली पोरं तेव्हा नुकतीच बुटांसाठी वेडी व्हायला लागली होती. हुबेहूब नकली बूट मिळायचे, नावात एखादं अक्षर जास्तीचं असायचं. पोरं त्यांचे तळ जुन्या टूथब्रशनं घासायची आणि मधल्या सुट्टीत पायाखाली कागद घालून बसायची. बाकीचे शिक्षक त्यावरून टोमणे मारायचे. बाई वाकून बूट बघायच्या आणि म्हणायच्या, "शिवण चांगली आहे. भिजवू नकोस, डिंक सुटेल." पोरगं दिवसभर ताठ चालायचं.

बुटांचं त्यांना एवढं माहीत कुठून होतं, देव जाणे. गणिताच्या तासाला मधेच सांगायच्या. पूर्वी बुटांच्या तळाला खिळे असायचे, चालताना आवाज व्हायचा. मग कुणीतरी कापडाला रबराचा तळ चिकटवला आणि आवाज बंद झाला. मागून कधी आला कळत नाही, म्हणून इंग्रजीत त्याचं नाव स्नीकर पडलं, चोरपावलांचा बूट. "माझ्याकडं चोरपावलांचे बूट आहेत," त्या वर्गाला सांगायच्या, "पण मला चोरी जमत नाही. कॉपी करणाऱ्यांनी देवाचे आभार माना." पोरं हसायची, आणि बाई हसायच्या नाहीत, त्यामुळं आणखी हसायची.

त्यांची खरी आवडती गोष्ट वेगळी होती. "दीडदोनशे वर्षांपूर्वी बाहेरच्या देशांत बुटाला डावा-उजवा नसायचाच. दोन्ही एकाच साच्यावर. माणूस घालून घालून त्याला डावा करायचा नाहीतर उजवा. मी तेव्हा असते तर दोन जोडांत माझे दोन जोड झाले असते. लोक सुधारले आणि माझा एक जोड वाया गेला."

एकदा मी त्यांना माझ्या आजोबांचं सांगितलं. आम्ही बौद्ध. आजोबांच्या तरुणपणी गावात वरच्या आळीतून जाताना चपला काढून हातात धराव्या लागायच्या. पुढं गिरणीत लागले, सोलापुरात आले, आणि मरेपर्यंत घरातसुद्धा पायातलं काढत नव्हते. आजी ओरडायची. हे मी कुणाला सांगितलं की समोरचा माणूस एक तर गप्प होतो नाहीतर फार बोलतो. दोन्हीचा मला कंटाळा आहे. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "नंबर काय होता त्यांचा?"

"नऊ," मी म्हणाले.

"मोठा पाय," बाई म्हणाल्या. "हातात धरायला जड गेल्या असतील."

एवढंच बोलल्या. मला त्या दिवसापासून बाई आपल्या वाटायला लागल्या.

त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी मला बरोबर दुकानात नेलं. ऊन असं होतं की डांबराला चप्पल चिकटत होती. दुकानातला विक्रेता नवा होता. बाईंनी एकाच प्रकारचे पाच आणि सात नंबर मागितले, तेव्हा त्यानं विचारलं, "दोन माणसांसाठी का?"

"एका माणसासाठी. दोन पायांसाठी."

त्यानं खाली बघितलं, ओशाळला, आणि ओशाळलेली माणसं बोलतात तसं बोलायला लागला. "मॅडम, उरलेले कुणाला तरी दान करा की. पुण्य लागेल."

"करते," बाई म्हणाल्या. "उजवा पाच, डावा सात असलेल्या माणसाचा पत्ता द्या."

तो हसला. बाई पण जराशा हसल्या. तो विषय त्यांच्यापुरता तिथं संपला होता. माझ्यापुरता मात्र सुरू झाला. मी तेव्हा तिशीची होते, आणि कुणाचं काही अडलेलं दिसलं की सोडवायला धावायची मला खोड होती. आता ती गेली.

माझी धाकटी बहीण उजनीच्या पाण्याकाठच्या एका गावात दिली आहे. ऊस, केळी आणि रात्रंदिवस मोटारी. त्या दिवाळीत मी तिच्याकडं गेले होते, आणि मेहुण्यांची पाण्यातली मोटार जळाली. मेहुणे मोटार घेऊन वायंडिंगवाल्याकडं निघाले, मी बाजार बघायला म्हणून बरोबर गेले. पत्र्याच्या खोलीत एक पस्तिशीचा माणूस जमिनीवर बसून तांब्याची तार गुंडाळत होता. बसूनच त्यानं हात पुढं करून मोटार ओढून घेतली. मग काही आणायला उठला आणि मी बघत राहिले. त्याचा उजवा पाय वाळलेला होता. डाव्या पायात टायरची चप्पल, उजव्या पायात तसलीच, पण कापून लहान केलेली आणि दोरीनं घोट्याला बांधलेली.

बाईंच्या नादानं मीही खालून वर बघायला शिकले होते. मला राहवलं नाही.

"दादा, एक विचारू? तुमच्या पायाचा नंबर काय?"

मेहुण्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या माणसानं तार खाली ठेवली.

"कंच्या पायाचा?" तो म्हणाला.

"दोन्ही."

"ह्यो डावा सात. उजवा पाच म्हना की, नीट मापला न्हाय कुनी." मग थोडं थांबून, "का वो ताई? अपंगांचं शिबिर हाय का कुटं? म्या मागं दोनदा जाऊन आलोय. आवंदा न्हाय येत."

"शिबिर नाही. बूट आहेत."

"फुकट न्हाय घेत म्या," तो म्हणाला आणि पुन्हा तार गुंडाळायला लागला.

मी सोलापूरला आले ती हवेतच. सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी, सगळ्यांसमोर, शिक्षकखोलीत बाईंना सांगितलं. "बाई, सापडला! उजवा पाच, डावा सात! अगदी तुमच्या उलटा!"

कुणीतरी टाळी वाजवली. बाईंच्या हातात वह्या होत्या. त्यांनी त्या टेबलावर ठेवल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुला कुणी शोधायला सांगितलं होतं?"

"तुम्हीच म्हणाला होतात, पत्ता द्या..."

"मी दुकानदाराला म्हणाले होते."

टप्, सर्र, टप्, सर्र. त्या गेल्या. पुढचे तीन-चार महिने कामापुरतं सोडून माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मला आधी अपमान वाटला, मग राग आला, आणि शेवटी नुसताच कंटाळा. कपाटाची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवून मी माझ्या वह्या खिडकीत ठेवायला लागले.

परीक्षेच्या दिवसांत आम्हा दोघींना एकाच वर्गावर पर्यवेक्षण आलं. पेपर सुटल्यावर पोरं गेली. बाई उत्तरपत्रिका मोजत होत्या. "ओकटी, रेंडू, मूडू..." मधेच थांबल्या.

"मी पंचवीसची असताना दादानं स्थळ आणलं होतं," त्या म्हणाल्या. "मुलगा मास्तर होता. त्याचा उजवा पाय असा होता. घरात सगळ्यांना काय आनंद झाला होता, सांगू नकोस. मामा म्हणाले, दोघं मिळून एक धडधाकट माणूस होतं की. सगळे हसले. मी आत चहा गाळत होते."

"मग?"

"मग काही नाही. मी नको म्हणाले. एवढं सोन्यासारखं जमलेलं नको म्हणते म्हणून सगळे चिडले. पुन्हा कुणी स्थळ आणलं नाही."

"मुलगा कसा होता?"

"बघितलाच नाही मी. चांगला असेल. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष?" त्यांनी गठ्ठ्याला दोरी बांधली. "तू दिवाळीनंतर आलीस ना सांगत, तुझा चेहरा तसाच होता. मामांसारखा."

माझी चूक झाली असं म्हणाले असते तर ते खोटं नसतं, पण पुरेसंही नसतं. मी उत्तरपत्रिकांचा दुसरा गठ्ठा ओढला आणि बांधायला लागले.

थोड्या वेळानं बाईंनी विचारलं, "लग्न झालंय का त्याचं?"

"झालंय. दोन मुली आहेत."

"मग ठीक आहे," बाई म्हणाल्या. "खोकं आण एखादं."

त्या आठवड्यात आम्ही कपाटातले बूट खोक्यात भरले. बाईंनी प्रत्येक बूट पुसला, लेस ओवली. मी खोकं एसटीनं बहिणीकडं पाठवलं आणि तिनं पोचतं केलं. आठ दिवसांनी त्याचा मला फोन आला. आवाज ओढलेला होता.

"ताई, बूट लई झ्याक बसलं. जल्मात पह्यल्यांदा दोनी पाय एका येळेला बुटात गेलं. पर चौथ्या दिशी तळ गळून पडलं वो. दुसरा काढला, त्याचं बी तेच. भाकरीवानी तुकडं पडाल्यात. बाईस्नी सांगू नगा, वाईट वाटंल."

मी सांगितलं. लपवण्यात काही अर्थ नव्हता. बाई बराच वेळ खिडकीतून मैदानाकडं बघत बसल्या.

"ठेवलेलं रबर मरतं," त्या म्हणाल्या. "वापरलं असतं तर टिकलं असतं. मी इतकी वर्षं काय मेलेलं जपत होते गं?"

त्यांना फार लागलं ते. कुणाला तरी कुजकं अन्न वाढल्यासारखं त्यांना झालं होतं. त्यांनी जूनची वाट बघितली नाही. त्याच आठवड्यात, भर उन्हात, दुकानात गेल्या आणि दोन नवे जोड घेतले. उजवा पाच आणि डावा सात दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं गेला. तो फुकट घेत नव्हता, म्हणून परतीच्या गाडीनं केळीचा घड आला. तेव्हापासून हा शिरस्ताच पडला. जूनमध्ये इकडून बूट, नंतर तिकडून केळी. मी स्टँडवर जाऊन घड आणायची आणि सगळी शाळा केळी खायची.

तिसऱ्या वर्षी त्यानं बाईंना थेट फोन केला. मी शेजारीच होते.

"बाई, एक इनंती हाय. पांढरं नगा. ग्रीस लागतंय, चार दिसात भंगार दिसतंय. निळं बगा की."

"निळे?" बाई म्हणाल्या. "अहो, मी जन्मात पांढऱ्याशिवाय घातले नाहीत. तुम्हाला निळे घेतले तर मलाही निळेच घालावे लागतील."

"मंग घाला की. निळ्याला काय झालं?"

बाई फोन ठेवून माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बघ. आता हा मला रंग सांगणार."

पण निळे घेतले. इरकली साडीखाली निळे बूट घालून बाई शाळेत आल्या, तेव्हा दहावीच्या पोरांनी जिन्यात उभं राहून बघितलं. पुढच्या वर्षी त्यानं लाल सांगितले, थोरल्या मुलीची पसंती म्हणून. बाईंनी फोनवर अर्धा तास भांडण केलं आणि लाल घेतले. त्यानंतर केशरी. त्याच सुमाराला शाळेची तपासणी होती. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं. मी काहीतरी सही घ्यायला आत होते.

"बाई, साहेब येणार आहेत. हे केशरी जरा... तुमच्या वयाला... तुम्ही पूर्वी पांढरे घालायचात ते बरे होते."

"सर, रंग मी निवडलेला नाही."

"मग कुणी निवडला?"

"ते सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या.

झालं. दुपारपर्यंत शाळेत बोभाटा झाला की बाईंचं, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या बाईंचं, बाहेरगावी कुणीतरी आहे. बसनं केळी येतात, फोन येतात, सगळे धागे जुळले. मी बाईंना म्हणाले, "खरं सांगून टाकू का?"

"कशाला?" त्या म्हणाल्या. "राहू दे की. माझ्याबद्दल आजवर कुणी असं बोललं नव्हतं."

त्या माणसाला त्या कधी भेटल्या नाहीत, भेटायची इच्छा दाखवली नाही. त्यानंही नाही. वर्षातून दोन-तीन फोन, तेही तळ कसा झिजला, आतून उंची किती वाढवली, पावसात घसरतात का, एवढंच. त्याच्या मुली मोठ्या होत होत्या. शाळेच्या सभेला तो पहिल्यांदा बुटात गेला तेव्हा धाकटीनं त्याचा हात धरून सगळ्या वर्गांतून फिरवलं, हे त्यानं बाईंना सांगितलं. बाईंनी मला सांगितलं नाही. मला ते त्याच्याकडून कळलं.

मग बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात शाल आणि नारळ मिळाला. त्यांच्यानंतर शाळेत गणिताला माणूसच आला नाही. अर्धे तास मी घेते, अर्धे रिकामे जातात. माझं त्यांच्याकडं जाणं कमी झालं. शाळा सुटल्यावर कुठं जायची ताकदच उरत नाही. फोनवर बोलायचो. जूनमधली खरेदी मात्र चुकली नाही.

निवृत्तीनंतर चार-पाच वर्षांनी त्यांचा उजवा गुडघा गेला. वाळलेला पाय तसाच होता. आयुष्यभर दोघांचं ओझं वाहिलेला चांगला पाय बसला. डॉक्टरांनी चालायचं बंद केलं. पलंग, चाकाची खुर्ची, पलंग. त्या मेमध्ये बाईंनी मला फोन केला.

"त्याला सांग, या वर्षी बूट येणार नाहीत. मला आता लागत नाहीत."

"तुम्हीच सांगा की."

"नाही जमत मला," बाई म्हणाल्या. बाईंच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले.

मी त्याला फोन केला. मला वाटलं, बुटांचं विचारेल. त्यानं विचारलं, "जेवत्यात का नीट?" आणि मग, "ऐतवारी येतो म्या."

रविवारी मी त्याला स्टँडवरून घेऊन बाईंच्या घरी गेले. पन्नाशीकडं झुकला होता, कानाजवळचे केस पांढरे झालेले. खांद्यावर केळीचं पोतं. पायात गेल्या वर्षीचे पोपटी बूट. पूर्व भागातल्या त्या गल्लीत शेजारच्या घरातले माग सुटीमुळं बंद होते. एरवी तिथं बोललेलं ऐकू येत नाही.

बाई पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. पाय उघडे होते. इतक्या वर्षांत मी त्यांचे पाय बुटांशिवाय बघितले नव्हते. आम्ही आत आलो तशी त्यांनी घाईनं साडी खाली ओढली. डावा झाकायला गेल्या, पण हातात जोर नव्हता, पदर उशीखाली अडकला होता, सगळंच अर्धवट राहिलं.

त्यानं पोतं ठेवलं. खुर्ची होती, पण तो जमिनीवर, पलंगासमोर बसला. बूट काढले, मोजे काढले, आणि दोन्ही पाय सरळ पुढं पसरले. वाळलेला उजवा आणि धडधाकट डावा.

"झाकताय कशाला, बाई?" तो म्हणाला. "असलाच निम्मा माल हितं बी हाय की."

बाईंनी त्याच्या पायांकडं बघितलं. खूप वेळ. मग साडी सोडून दिली. त्यांच्या भावजयीनं चहा आणला. पंखा फिरत होता. बाईंचे डोळे भरले होते का, मला सांगता येणार नाही, मी त्यांच्याकडं बघायचं टाळत होते.

"तुम्ही यंदा कसं करणार?" बाईंनी विचारलं.

"म्या घीन की दोन जोड. वायंडिंगचं बरं चाललंय. तुमच्या वाटचं हितं आनून देतो."

"मला काय करायचेत? मी चालत नाही आता."

"चालायसाठीच घालत्यात व्हय बूट?" तो म्हणाला. "पलंगावर घाला. रंग तुमी सांगा आवंदा."

तो चहा प्याला, मुलींचं सांगितलं, थोरली नर्सिंगला गेल्याचं. परतीची गाडी होती. त्यानं बूट चढवले, लेस बांधली, नमस्कार केला आणि दाराकडं निघाला.

"थांबा," बाई म्हणाल्या.

तो वळला.

"त्या दारापासून इकडं चालत या. माझ्यासमोर."

त्याला कळलं नाही, पण आला. लांबलचक खोली होती ती. टप्, सर्र, टप्, सर्र. आखूड पाय टाकला की खांदा एका बाजूला झुकायचा, दुसरा पाय त्याला सावरून वर आणायचा, आणि पोपटी बूट एकामागून एक जमिनीवर पडायचे. बाई ताठ बसून बघत होत्या. त्यांच्या घरात भिंतीवर तोंडापुरता आरसा होता. दुकानांच्या काचांपुढून जाताना त्या मान फिरवायच्या, हे मी कितीदा तरी बघितलं होतं.

तो पलंगापाशी येऊन उभा राहिला.

"मी अशी चालायचे?" बाईंनी मला विचारलं.

"हो," मी म्हणाले. "अगदी अशीच."

बाईंनी त्याच्या बुटांकडं बघितलं, मग स्वतःच्या पायांकडं.

"मग बरी दिसत होते की मी," त्या म्हणाल्या, आणि हातानं दाराकडं खूण करून त्याला पुन्हा एकदा चालायला सांगितलं.